फ्रीजमधली जपानी बाई

दारुड्या माणसाच्या बायकोला निदान चार लोकांची सहानुभूती तरी मिळते. रसिकरावांच्या बायकोला तीही कधी मिळाली नाही. रसिकराव दारू पीत नव्हते, पत्ते कुटत नव्हते, कुणाशी भांडत नव्हते. ते जुने जपानी सिनेमे जमवत होते. हे दुःख कुणाला सांगायला जावं, तर ऐकणारा म्हणायचा, "अरे वा, छान छंद आहे की!" असं म्हणणाऱ्याच्या घरी सिनेमाचं एकही रीळ नसायचं, हे वेगळं सांगायला नको.

रसिकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते इमारतीनं ठेवलेलं, आणि इमारत काही कौतुकानं नावं ठेवत नसते. पाणीपुरवठा खात्यात, बिघडलेल्या मीटरांच्या तक्रारी तपासणाऱ्या विभागात ते वरिष्ठ कारकून होते. दिवसभर लोकांची गळक्या नळांची गाऱ्हाणी ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन न पाहिलेल्या सिनेमांबद्दल वाचत बसायचं, हा त्यांचा क्रम. न पाहिलेल्या म्हणजे त्यांनीच नव्हे, कुणीच न पाहिलेल्या. संग्राहक नावाच्या जमातीची ही एक गंमत आहे. जो सिनेमा सगळ्यांनी पाहिला, तो कितीही चांगला असो, त्याला हे लोक विचारत नाहीत. जो कुणाच्याच दृष्टीस पडलेला नाही, त्याच्यावर मात्र चहा गार होईपर्यंत बोलतात, आणि वर एकमेकांच्या चुकाही काढतात.

'नावाड्याची धाकटी बहीण' हा असल्या सिनेमांचा मुकुटमणी. दिग्दर्शकानं आयुष्यात हा एकच सिनेमा काढला आणि मग कंदिलांचं दुकान घातलं. मूळ फिल्म आगीत गेली. उरली ती एकच प्रत, तीही परदेशातल्या कुठल्याशा शाळेनं भूगोलाच्या तासाला दाखवण्यासाठी घेतलेली. संग्राहकांच्या एका त्रैमासिकात या सिनेमावर तीन ओळी आल्या होत्या आणि त्या रसिकरावांना पाठ होत्या. त्यातली तिसरी ओळ अशी की शेवटी नायिका होडीत बसते, मागे वळून बघते आणि बघतच राहते. त्या बघण्यात नेमकं काय आहे यावर पाहणाऱ्या कुठल्याच दोघांचं कधी एकमत झालं नाही. बस्स. या एका ओळीनं आमच्या माणसाची झोप उडवली होती. राग असेल? माया असेल? पश्चात्ताप? भाजी निवडताना, मीटरचे आकडे तपासताना, दाढी करताना रसिकराव त्या बाईच्या चेहऱ्याचा विचार करत. मरण्यापूर्वी तो चेहरा एकदा बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. इतकी साधी इच्छा असलेला माणूस घरादाराला किती छळू शकतो, त्याचीच ही हकीकत.

ती एकमेव प्रत परदेशातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे असल्याचा सुगावा रसिकरावांना लागला, आणि बरीच पत्रापत्री होऊन अदलाबदल ठरली. रसिकरावांनी आपली दोन कपाटं भरून असलेली पोस्टरं द्यायची आणि त्यानं एक पेटी पाठवायची. दोन कपाटं रिकामी झाल्यावर बायकोला इतका आनंद झाला की तिनं त्यांच्या आवडीचा शिरा केला. गेली ती दोन कपाटं भरून पोस्टरं, येणार ती फक्त एक पेटी, हा हिशेब तिला पटला होता. पेटीत काय आहे हे तिनं विचारलं नाही, आणि रसिकरावांनीही मौन पाळलं.

पेटी आली आणि पार्सल कचेरीत अडकली. तिथं आलेल्या मालाची वर्गवारी करण्याची पद्धत अशी होती की आधी पेटीवरचा कागद वाचायचा, तो समजला नाही तर पेटी हलवून बघायची, तेही जमलं नाही तर वास घ्यायचा. कागद जपानी लिपीत होता. हलवल्यावर पत्र्याचे डबे वाजले. वास आला तो व्हिनेगरचा. जुनी फिल्म आतून कुजायला लागली की तिला हुबेहूब व्हिनेगरचा वास येतो, हे संग्राहकांना माहीत असतं. पार्सल कचेरीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी सरळ पेटी खाद्यपदार्थांच्या खिडकीला पाठवून दिली.

"घटक पदार्थ सांगा," खिडकीतले साहेब म्हणाले.

"साहेब, हा सिनेमा आहे."

"असेल. पण तो खाद्यपदार्थांत आलाय. घटक पदार्थ सांगितल्याशिवाय मला तो सोडता येणार नाही."

"मग चित्रपटांच्या खिडकीला पाठवा ना."

"पाठवला असता. पण इथून जायचं तर आधी तो इथला नाही असं सिद्ध करावं लागेल. त्यासाठी नमुना तपासायला द्यावा लागतो. डब्यातला थोडा भाग कापून देता का?"

रसिकरावांच्या अंगावर काटा आला. जगातली एकमेव प्रत, आणि हा माणूस तिचा तुकडा मागतोय! काय सांगावं, कदाचित नेमका तो होडीतलाच तुकडा निघायचा. स्वतःच्या खात्यात हेच रसिकराव लोकांना बिघडलेलं मीटर काढून घेऊन यायला सांगत आणि मीटर काढल्याबद्दल वर नोटीसही देत, पण त्या क्षणी त्यांना ते आठवलं नाही. सरकारी माणसाला दुसऱ्या सरकारी माणसाचा जितका संताप येतो तितका सामान्य जनतेला कधीच येत नसावा.

"बरं, टिकण्याची मुदत तरी सांगा," साहेब जरा नरमून म्हणाले. "खराब कधी होणार?"

"रोजच होतोय हो!" रसिकराव कळवळून म्हणाले. "तुम्ही बोलताय तेवढ्यातही होतोय!"

हे मात्र साहेबांना फार बरं वाटलं. जे आधीच खराब झालं आहे ते सोडायला नियमात एक सोय होती. त्यांनी पेटीच्या चारी बाजूंना मोठ्ठे लाल शिक्के मारले आणि पेटी हातात दिली. शिक्क्यांत लिहिलं होतं, 'मानवी सेवनास अयोग्य'. ज्या क्षणाची आयुष्यभर वाट पाहिली त्या क्षणी रसिकराव एका महान कलाकृतीवर हे विशेषण मिरवत भर रस्त्यातून घरी आले. वाटेत ओळखीचे दोघे भेटले. दोघांनीही शिक्का वाचून, तब्येत कशी आहे, असं विचारलं.

घरात पेटी उघडताच वासानं आपला संसार थाटला. आधी बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, मग जिना. वरच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून खाली आल्या.

"काय हो, काय आंबलंय तुमच्याकडे?"

"सिनेमा आहे, काकू."

"उन्हात घाला. काहीही आंबलं की उन्हात घालावं."

ऊन लागलं तर फिल्म वाकडी होईल, असं रसिकरावांनी समजावलं. काकूंनी मग डांबराच्या गोळ्या सुचवल्या. त्याही चालत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आपल्या नणंदेच्या घरी मेलेली घूस कशी सापडली त्याची गोष्ट सांगितली आणि आपल्याला जे वाटतंय ते बोलून दाखवत नाही, अशा चेहऱ्यानं निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत रसिकरावांच्या घरात घूस मेली आहे आणि ते तिला सिनेमा म्हणतात, ही बातमी चारही मजल्यांवर झाली.

दुसऱ्या दिवशी इमारतीचे अध्यक्ष स्वतः आले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य. निवृत्त झाले होते ते फक्त कॉलेजातून. त्यांनी सगळ्या मोऱ्यांची झाकणं उघडून घेतली, फलकावर सूचना लावली आणि सूचनेत लिहिलं की आपल्या इमारतीत पाणीपुरवठा खात्याचे जबाबदार कर्मचारी राहत असताना तुंबलेल्या मोरीचा असा वास यावा ही खेदाची बाब आहे. रसिकराव कामावर जाता-येता ती सूचना वाचत. कुणी पाहत नाही असं बघून त्यांनी 'जबाबदार' या शब्दाकडे दोनदा कौतुकानंही पाहिलं.

फिल्मला गारवा लागतो. कुजणं त्यानं थांबत नाही, पण रेंगाळतं. म्हणून रसिकरावांनी डबे फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी चहाला व्हिनेगरचा वास आला, कोथिंबिरीला आला, दह्याला आला, आणि बर्फालासुद्धा आला. बायकोनं फ्रीजचं दार उघडं ठेवून त्यांना हाक मारली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यावरून रसिकरावांना प्रसंगाची कल्पना आली.

"अहो, ही बाई इथं किती दिवस मुक्काम करणार आहे?"

"थोडेच दिवस."

"दूध कुठं ठेवू मी? भाजी कुठं ठेवू? आयुष्यभर तुमची ती पोस्टरं पुसली मी. काही बोलले? पण अन्नाला वास लावायचा नाही. रविवारी सकाळी हा फ्रीज मला रिकामा पाहिजे. नाहीतर मी डबे जिन्यात ठेवीन आणि अध्यक्षांना हाक मारीन."

रसिकरावांनी निरुपायानं थोरल्या संग्राहकांना फोन लावला. थोरले संग्राहक दुसऱ्या शहरात राहत. त्यांच्याकडे गार हवेचं स्वतंत्र तळघर होतं आणि त्यात अगदी सावकाश कुजणारे हजारो डबे होते. सगळी जमात त्यांना देवासारखी मानायची. 'नावाड्याची धाकटी बहीण' हे नाव ऐकल्यावर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"मी रविवारी येतो," ते म्हणाले. "तळघरात जागा करतो. पण एक लक्षात ठेवा, ती चालवायची नाही. इतका वास येतोय म्हणजे फिल्म आकसलीय. एकदा कशीबशी चालेल, कडेची भोकं फाटतील, की संपलं."

"म्हणजे तिथं नेल्यावर बघायची नाही?"

"बघायची?" थोरल्या संग्राहकांना हा शब्द फार ग्राम्य वाटला असावा. "अहो, असा चित्रपट बघण्यासाठी नसतो, असण्यासाठी असतो. माझ्याकडचे मी कधी चालवत नाही. पाहिला की झाला सिनेमा. मग आपल्यात आणि तिकीट काढून बसणाऱ्यात फरक काय राहिला?"

रसिकरावांनी फोन ठेवला. रविवारी ती बाई तळघरात जाणार आणि पुन्हा कुणालाही दिसणार नाही. तिच्या नशिबात एकदाच चालणं आहे. मग ते चालणं रविवारच्या आत आणि आपल्यासमोर का नसावं? माणसानं आयुष्यात एखादा गुन्हा करायचा तर तो निदान आपल्या आवडीचा तरी असावा, असं त्यांना वाटलं.

माळ्यावर प्रोजेक्टर होता. त्याचा एक पट्टा, म्हणजे चालून झालेली फिल्म खालच्या चकरीवर गुंडाळणारा, वाळून तडकला होता. तसा पट्टा आता कुठंच मिळत नाही. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यानं मशीनचा पट्टा कापून जोडून दिला आणि सांगितलं, "बिनधास्त चालवा, ह्यावर पोती शिवतात." रसिकरावांनी घरातल्या भिंतीवर पांढरी चादर लावली, बायको बाजारात गेल्याची संधी साधून बटण दाबलं, आणि इमारतीतले सगळे दिवे गेले.

अध्यक्ष टॉर्च घेऊन आले तेव्हा रसिकराव चादरीपुढे हातमोजे घालून उभे होते. काही खुलासा करण्यासारखी ती अवस्था नव्हती.

"एवढा मोठा दिवा घरातल्या तारेवर चालवता?" अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही खालच्या सभागृहात का नाही लावत? तिथं जाड तार आहे."

रसिकरावांना क्षणभर अध्यक्षांच्या पायाच पडावंसं वाटलं. पण अध्यक्षांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"फक्त नियम असा आहे की सभागृहातला कुठलाही कार्यक्रम सर्व सभासदांसाठी खुला असतो. मी सूचना लावतो."

आणि लावलीही. 'शनिवारी संध्याकाळी भव्य जपानी चित्रपट. सर्वांनी सहकुटुंब यावे. उशा आपापल्या आणाव्यात.' हा चित्रपट बघणारा मी जगातला एकमेव जाणकार असेन, हे स्वप्न रसिकरावांनी निमूटपणे सोडून दिलं. पुढच्या दोन दिवसांत जिन्यात त्यांना लोकांनी असे प्रश्न विचारले की त्यांच्या स्वाभिमानाची लक्तरं झाली. मारामारी आहे का? लहान मुलांना चालेल का? काळापांढरा का? रंगीत परवडला नाही का? काकूंनी विचारलं, "त्या मेलेल्या घुशीचं काय झालं?"

शिवाय चित्रपट जपानीत, आणि खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. लोकांना कळणार कसा, अशी चिंता अध्यक्षांना पडली. तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे रसिकरावांचा मेहुणा, पुढे सरसावला. पंप बनवणाऱ्या कारखान्यानं त्याला कधीकाळी काही महिने जपानला शिकायला पाठवलं होतं. "भाऊजी, काळजी सोडा," तो म्हणाला, "मी समोर उभा राहून सगळं मराठीत सांगतो." मेहुण्यांवर विसंबून बुडालेल्यांची संख्या कमी नाही, पण रसिकरावांना त्या वेळी दुसरा आधारही नव्हता.

शनिवारी संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. फुकट म्हटल्यावर शेजारच्या इमारतीतलेही आले. सगळ्यात शेवटी टेबलावर प्रोजेक्टर, त्यामागे पांढरे सुती हातमोजे घातलेले रसिकराव. मोज्यांची जोडी एकच होती. "माझ्याशिवाय कुणीही फिल्मला हात लावायचा नाही," असं त्यांनी इतक्यांदा बजावलं होतं की लोक टेबलाजवळून जातानाही हात खिशात घालून जात होते. टेबलापुढची जागा हवेशीर म्हणून अध्यक्षांनी स्वतःसाठी घेतली. आकारमानानं अध्यक्ष भव्य होते. पण रसिकराव उभे होते, त्यांना डोक्यावरून पडदा स्वच्छ दिसत होता. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर नदी आली. धुकं, लव्हाळे, आणि त्या धुक्यातून हळूहळू पुढे येणारी एक होडी. होडीत कुणीतरी बसलं होतं, तिचा चेहरा आता दिसणार, आणि एवढ्यात ज्यावर पोती शिवतात तो पट्टा सटकन तुटला.

खालची चकरी थांबली. मशीन मात्र चालूच, आणि चालून झालेली फिल्म सापासारखी जमिनीवर उतरू लागली. थांबवलं तर दिव्याच्या धगीनं आत अडकलेला तुकडा जळणार. रसिकराव गुडघ्यांवर बसले. येणारी फिल्म दोन्ही हातांनी झेलायची आणि गुंता होऊ न देता खाली ठेवायची, हाच एक मार्ग होता. "टब! टब आणा!" ते ओरडले. बायको घरी धावली आणि धुण्याचा टब घेऊन आली. त्यानंतर आमचे रसिकराव त्या टबासमोरून उठले ते फक्त रीळ बदलायला, आणि तेव्हा पडदा कोराच असायचा. मान वर केली की समोर मशीनचा पत्रा, आणि पत्र्यापलीकडे अध्यक्षांची पाठ.

"मी धरू का?" एक-दोघांनी विचारलं.

"हात लावायचा नाही!" रसिकराव खालून ओरडले. सवयीनं तोंडून गेलं ते. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

मग त्यांनी तो सिनेमा ऐकला. पडद्यावर कुणीतरी हळू आवाजात बोलायचं आणि मेहुणा खड्या आवाजात सांगायचा, "तो म्हणतोय, सावकाश, पुढे धोका आहे." थोड्या वेळानं, "ती म्हणतेय, दुपारची सुट्टी कधी होणार?" मग एका फार हळव्या प्रसंगात, जिथं बायकांचे उसासे रसिकरावांना ऐकू येत होते, मेहुणा जरा घुटमळला आणि म्हणाला, "ती त्याला म्हणतेय, झडप बंद कर." सभागृह गंभीर झालं. "खरंच ग बाई," काकू पुटपुटल्या, "किती सोसायचं माणसानं!"

अर्धा सिनेमा झाला असेल, तेवढ्यात दार उघडलं आणि वासाचा माग काढत एक धोतरातले गृहस्थ आत आले. थोरल्या संग्राहकांना रविवारपर्यंत दम निघाला नव्हता. "बंद करा!" ते किंचाळले. "काय करताय हे! एकमेव प्रत आहे ती! बंद करा!"

"अहो, बसा खाली, मागच्यांना दिसत नाहीये," अध्यक्ष म्हणाले. कुणीतरी त्यांचं धोतर ओढलं. बसताना त्यांची नजर पडद्यावर गेली, आणि ज्यांनी हजारो डब्यांतला एकही सिनेमा कधी पाहिला नव्हता ते थोरले संग्राहक काकूंच्या उशीवर मांडी घालून बसले ते पुन्हा उठलेच नाहीत.

शेवटचं रीळ लागलं तेव्हा मशीन खडखडू लागलं. भोकं फाटत होती. फिल्म चाकाचे दात सोडून घसरायला बघत होती. रसिकरावांनी डावा हात वर घालून भिंगामागच्या खाचेत बोटानं फिल्म दाबून धरली, उजव्या हातानं टब सांभाळला. धग लागून मोजा करपायला लागला. सभागृहात एकाएकी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. मेहुणाही गप्प होता. वल्ह्याचा आवाज येत होता, एकटा, संथ. रसिकरावांना कळलं, होडी निघाली.

त्यांना उठता आलं असतं. बोट काढायचं, उभं राहायचं, अध्यक्षांच्या डोक्यावरून बघायचं. दोन श्वासांपुरतं तरी दिसलं असतं. मग फिल्म घसरली असती आणि पडदा कोरा झाला असता, सगळ्यांसाठी. रसिकराव उठले नाहीत. बोट भाजत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यातलं किती व्हिनेगरमुळे हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. वल्ह्याचा आवाज थांबला तरी कुणी हललं नाही. ती बघत असणार. अजूनही बघत असणार. मग फिल्मचं शेपूट फटफट वाजलं आणि संपलं. लोक टाळ्या वाजवायचंसुद्धा थोडा वेळ विसरले.

थोरल्या संग्राहकांनी शेवटचं रीळ दिव्याशी धरून पाहिलं. भोकांच्या जागी नुसत्या झिरमिळ्या उरल्या होत्या आणि चित्रांवर ओरखडेच ओरखडे. "आता ही कधी चालणार नाही," ते म्हणाले, पण रागावले नाहीत.

"तो शेवटचा चेहरा," रसिकरावांनी हात जोडून विचारलं, "कसा होता हो?"

थोरल्या संग्राहकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला विचारू नका," ते म्हणाले आणि डबे घेऊन त्याच संध्याकाळी निघून गेले.

मग रसिकरावांनी इमारत पालथी घातली. अध्यक्ष म्हणाले, "स्पष्ट राग होता. होडी उशिरा सुटली ना." काकू म्हणाल्या, "राग कसला, हसत होती! सुटले एकदाची, असं." तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, ती रडत होती. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, त्यात संवाद नव्हता, त्यामुळे मला सांगता येणार नाही." अख्ख्या इमारतीनं, शेजारच्या इमारतीनं, धोतरातल्या देवमाणसानं तो चेहरा पाहिला होता. पाहिला नव्हता तो फक्त एका माणसानं.

रविवारी सकाळी बायको फ्रीजचे कप्पे काढून सोड्यानं धूत होती. रसिकराव भाजलेलं बोट गार पाण्यात बुडवून स्टुलावर बसले होते. विचारायला धीर होत नव्हता. ती सांगेल की नाही, यापेक्षा सिनेमा संपताना ती जागी तरी होती का, याचीच त्यांना शंका होती.

"तू पाहिलास ना शेवट?"

"पाहिला."

"काय होतं ग तिच्या चेहऱ्यावर?"

बायको कप्पा घासत राहिली. "सांगण्यासारखं नाही ते."

"तरी."

तिनं कप्पा बाजूला ठेवला. ओले हात पदराला पुसले. मग स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून तिनं तोंड खिडकीकडे केलं, जणू समोर पाणीच आहे, आणि हळूच मान मागे वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पाहिलं आणि पाहतच राहिली. तिला राग आलेला नव्हता. ती हसत नव्हती, रडत तर नव्हतीच. कुणाची तरी फार दिवस वाट पाहिली आणि आता वाट पाहणंही सोडून दिलं आहे, आणि तसं सांगण्याइतकाही राग उरलेला नाही, असं काहीतरी होतं ते. रसिकराव बोटाची आग विसरले. शेजारी कुणाच्या तरी नळाचं पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज होता.

मग ती वळली आणि पुन्हा कप्पा घासू लागली.

"पुन्हा एकदा दाखव ना," रसिकराव म्हणाले. त्यांचा आवाज नीट फुटला नाही.

"इतकी वर्षं दाखवतच होते," बायको म्हणाली. "तेव्हा बघायचं होतं."